नवे शोधयंत्र आणि जुनी मक्तेदारी

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस ओपनएआय या अमेरिकन कंपनीने 'चॅटजीपीटी' लोकांपुढे ठेवले आणि भांडवलदारी वृत्तपत्रांतून एकच गलबला सुरू झाला. गूगलचे साम्राज्य आता कोसळणार. चार हुशार तरुण आणि एक नवी कल्पना एवढ्या बळावर जगातील सर्वांत बलाढ्य कंपनीलाही धूळ चारता येते. मुक्त बाजारपेठेची हीच तर किमया, अशा आशयाच्या लिखाणाला ऊत आला. मे २०२५ मध्ये ॲपलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने वॉशिंग्टनच्या न्यायालयात साक्ष देताना 'सफारी' ब्राउझरमधून होणाऱ्या शोधांची संख्या प्रथमच घटल्याचे सांगितले. त्या दिवशी गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिचे समभाग सात टक्क्यांहून अधिक घसरले. मग काय विचारता! स्पर्धेच्या देवतेला नवा नैवेद्य मिळाला.

नवे शोधयंत्र प्रस्थापित शोधयंत्राला आव्हान देऊ शकेल काय, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो मालकीचा प्रश्न आहे. विदर्भातला शेतकरी कपाशीवरील बोंडअळीवर उपाय शोधतो, मुलाच्या आजाराने हवालदिल झालेली आई रुग्णालयाचा पत्ता शोधते, बेकार तरुण नोकरीची जाहिरात शोधतो. त्यांच्यापुढे पहिल्या क्रमांकावर कोणते उत्तर यावे हे कोण ठरवतो आणि कशाच्या लोभाने ठरवतो, हा खरा सवाल आहे. २०२४ या एका वर्षात अल्फाबेटचे उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते आणि निव्वळ नफा १०० अब्ज डॉलर. उत्पन्नापैकी १९८ अब्ज डॉलर केवळ शोधसेवेशी निगडित जाहिरातींतून आले. मानवजातीच्या जिज्ञासेवर बसवलेला हा जकातनाका आहे. नाकेदार बदलल्याने जकात थांबते काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

सार्वजनिक पैसा, खाजगी मालकी

गूगलच्या जन्माची सांगितली जाणारी दंतकथा एका गॅरेजपासून सुरू होते. इतिहास त्याच्याही मागे सुरू होतो. ज्या वेबवर हे यंत्र चालते ती वेब १९८९ नंतर जिनिव्हाजवळच्या सर्न या आंतरराष्ट्रीय सार्वजनिक संशोधन संस्थेत जन्मली आणि एप्रिल १९९३ मध्ये त्या संस्थेने ती विनामूल्य जगाच्या स्वाधीन केली. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी होते. तेथील ज्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पातून त्यांचे काम पुढे आले त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा, म्हणजे अमेरिकन करदात्यांचा, पैसा होता. १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात या दोघांनीच बजावले होते की, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनी स्थापन झाली. ऑक्टोबर २००० मध्ये 'ॲडवर्ड्स' ही जाहिरात योजना सुरू झाली. शब्दांचा लिलाव पुकारून निकालांतील जागा विकण्याची युक्तीही मूळ गूगलची नव्हती. 'गोटू' नावाच्या दुसऱ्या एका कंपनीने ती १९९८ मध्येच बाजारात आणली होती आणि त्यावरून झालेला पेटंटचा दावा गूगलने २००४ मध्ये २७ लाख समभाग देऊन मिटवला. ज्या धोक्याचा इशारा संशोधकांनी दिला त्याच धोक्याच्या पायावर मालकांनी आपला महाल उभारला. येथे व्यक्तींच्या नीतीचा प्रश्न गौण आहे. भांडवलाला परतावा हवा असतो, आणि तो ज्या वाटेने मिळतो त्या वाटेने संशोधकालाही जावे लागते.

या यंत्राची रचना समजून घेतल्याशिवाय मक्तेदारीचे मर्म उमगणार नाही. प्रथम स्वयंचलित प्रोग्राम कोट्यवधी पाने धुंडाळून गोळा करतात. मग त्यांची सूची तयार होते, जशी ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. फक्त येथे साऱ्या वेबची. नंतर विचारलेल्या शब्दांना अनुसरून पानांचा क्रम लावला जातो. सर्वांत मोलाची गोष्ट यानंतर घडते. लोकांनी काय विचारले, कोणत्या निकालावर बोट ठेवले, कोणता निकाल पाहून लगेच माघारी फिरले, या प्रत्येक हालचालीची नोंद होते आणि तिच्या आधाराने यंत्र सुधारते. म्हणजे वापरणारा प्रत्येक माणूस नकळत, बिनमोबदला, त्या यंत्राला धार लावत असतो. वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मधील निकालपत्रात नोंदवले की, गूगलकडे दररोज येणारे प्रश्न सर्व प्रतिस्पर्ध्यांकडे मिळून येणाऱ्या प्रश्नांच्या नऊपट असतात; मोबाईलवर तर एकोणीसपट. ज्याच्याकडे प्रश्न अधिक त्याचे यंत्र अधिक सरस, आणि ज्याचे यंत्र सरस त्याच्याकडे प्रश्न अधिक, असे हे चक्र आहे. स्पर्धेतून केंद्रीकरण आणि केंद्रीकरणातून मक्तेदारी, हा लेनिनने १९१६ मध्ये पोलाद, कोळसा आणि बँका यांच्या उदाहरणांनी मांडलेला क्रम माहितीच्या व्यवसायात दोन दशकांत पुरा झाला.

लिलावाची झळ लहान व्यावसायिकालाही बसते. एखाद्याने वर्षानुवर्षे कष्ट करून कमावलेले नाव त्याचा प्रतिस्पर्धी शोधशब्द म्हणून विकत घेऊ शकतो आणि मग मूळ मालकाला आपल्याच नावासाठी बोली लावावी लागते. मालवाहतूक व्यवसायातील अशाच एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले की, जाहिरात योजनेत गूगल हा निष्क्रिय मध्यस्थ नसून सक्रिय सहभागी आहे.

आव्हानवीरांची परंपरा

प्रस्थापिताला आव्हान देणारे आजवर झालेच नाहीत असे नाही. जुलै २००८ मध्ये गूगलमधूनच बाहेर पडलेल्या तज्ज्ञांनी 'कूल' नावाचे शोधयंत्र सुरू केले. आपल्या सूचीत १२० अब्ज पाने असल्याचा त्यांचा दावा होता आणि पाठीशी ३ कोटी ३० लाख डॉलरचे भांडवल होते. सप्टेंबर २०१० मध्ये ते बंद पडले. २०१९ मध्ये गूगलच्या जाहिरात विभागाचे माजी प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी सहकाऱ्यासह 'नीवा' स्थापन केले. जाहिरात नाही, पाळत नाही, ग्राहकाची वर्गणी हेच उत्पन्न, अशी त्यांची भूमिका होती. सुमारे ७ कोटी ७५ लाख डॉलर जमवूनही २०२३ मध्ये शोधसेवा गुंडाळावी लागली आणि कंपनी 'स्नोफ्लेक'ने विकत घेतली. या माणसांना ज्ञान कमी होते असे कोणीच म्हणणार नाही. शत्रूच्या किल्ल्याचे नकाशे त्यांनीच काढले होते!

मग पैसा कमी पडला काय? मायक्रोसॉफ्टकडे पैशाची वाण नव्हती. जून २००९ मध्ये 'बिंग' सुरू झाले. न्यायालयापुढील पुराव्यानुसार या कंपनीने दोन दशकांत शोधसेवेवर सुमारे १०० अब्ज डॉलर खर्च केले, तरी अमेरिकेत तिचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपासच राहिला. २००८ पासून खाजगीपणाचे ब्रीद घेऊन चालणारे 'डकडकगो' आणि युरोपातील अनेक लहान शोधयंत्रे मोठ्या अंशी बिंगच्याच सूचीवर विसंबून राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली सूची सरसकट भाड्याने देणारी सेवा बंद केली, तेव्हा भाडेकरूच्या स्वातंत्र्याचा अर्थ सर्वांना कळला. घर दुसऱ्याचे असेल तर दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावून मालकी येत नाही.

किल्ल्याच्या दारावरील पहारा

गुणवत्ता असूनही नवागत का हरतो, याचे उत्तर अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये दाखल केलेल्या खटल्यात उघड झाले. न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगल ही मक्तेदार कंपनी असून तिने ती मक्तेदारी टिकवण्यासाठी कायदा मोडला, असा निवाडा दिला. मोबाईल आणि ब्राउझर उघडताच गूगलच समोर यावे, यासाठी कंपनीने २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर वाटले होते. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर मिळाले. 'नीवा'ने उभ्या आयुष्यात जमवलेल्या भांडवलाच्या अडीचशे पटींहून अधिक रक्कम एका वर्षात एका दरवाजावरील पहाऱ्यासाठी! ॲपल ही गूगलची प्रतिस्पर्धी म्हणवली जाते; पण प्रतिस्पर्ध्याला स्पर्धा न करण्याचे एवढे मोल मिळत असेल तर त्याने शोधयंत्र बांधावेच कशाला? मुक्त बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आणि निवाड्यानंतर काय झाले? न्याय विभागाने 'क्रोम' ब्राउझर कंपनीपासून तोडण्याची मागणी केली. २ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. एकाधिकाराचे करार करण्यास मनाई झाली, काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश झाला. पण जागेसाठी पैसे मोजण्याची मुभा कायम राहिली. या सौम्यपणाचे एक कारण विलक्षण आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या कंपन्या उदयाला आल्याने परिस्थिती पालटली असून त्या गूगलशी टक्कर देण्यास पूर्वीच्या कोणाहीपेक्षा अधिक समर्थ आहेत, असे न्यायालयाने मानले. दुसऱ्या दिवशी अल्फाबेटचे समभाग सुमारे नऊ टक्क्यांनी वधारले. ज्या आव्हानवीराच्या नावाने मक्तेदाराच्या मृत्यूची द्वाही फिरवली गेली, तोच आव्हानवीर न्यायालयात मक्तेदाराची ढाल बनला!

नव्या यंत्राचे जुने पोट

हे नवे आव्हानवीर कोण आहेत? ऑगस्ट २०२२ मध्ये स्थापन झालेली 'पर्प्लेक्सिटी' स्वतःला उत्तर देणारे यंत्र म्हणवते. तिच्या गुंतवणूकदारांत ॲमेझॉनचे जेफ बेझोस आणि चिप बनवणारी एनव्हिडिया आहे. जाहिरातीच्या रोगावरील औषध म्हणून तिच्याकडे पाहिले जात असतानाच नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने स्वतःच जाहिरातींचे प्रयोग सुरू केले. ओपनएआयने ऑक्टोबर २०२४ मध्ये शोधसेवा आणली. तिचा मोठा गुंतवणूकदार मायक्रोसॉफ्ट, आणि जुलै २०२५ मध्ये तिने संगणकशक्ती पुरवणाऱ्यांच्या यादीत ज्या कंपनीचे नाव जोडले ती गूगल! रणांगणात उतरलेला योद्धा शत्रूच्याच शस्त्रागारातून तलवार भाड्याने आणतो, अशी ही लढाई आहे. गूगल तरी स्वस्थ कोठे बसली? मे २०२४ पासून तिने निकालांच्या माथ्यावर स्वतःच यंत्ररचित सारांश देण्यास प्रारंभ केला. ज्या वार्ताहरांच्या, संशोधकांच्या आणि लेखकांच्या श्रमांतून ते सारांश तयार होतात त्यांच्या पानापर्यंत वाचकाने जाण्याची गरजही त्यामुळे उरत नाही.

'बुद्धिमान' म्हणवणाऱ्या या यंत्रांमागे माणसांचे हात आहेत, ही गोष्ट झाकून ठेवली जाते. ओपनएआयसाठी हिंसक आणि बीभत्स मजकुराची वर्गवारी करणाऱ्या केनियातील कंत्राटी कामगारांना तासाला दोन डॉलरहून कमी मजुरी मिळत होती, हे जानेवारी २०२३ मध्ये उजेडात आले. गूगलच्या यंत्राची उत्तरे तपासणाऱ्या दोनशेहून अधिक कंत्राटी कामगारांना २०२५ मध्ये कामावरून कमी केल्याचे वृत्त सप्टेंबरात आले. जुन्या यंत्राचा कामगार आणि नव्या यंत्राचा कामगार, दोघांचा अनुभव एकच आहे. मालकांमधील स्पर्धेने त्यांच्या ताटात भाकरीचा तुकडाही वाढलेला नाही.

स्वदेशीचा मुखवटा

आपल्या देशात या वादाला स्वदेशीचा साज चढवला जातो. भारतीय शोधयंत्र निर्माण करू, विदेशी कंपन्यांची सद्दी संपवू, अशा घोषणा अधूनमधून कानी येतात. घोषणा करणाऱ्या बड्या भांडवलदारांचे वर्तन मात्र पाहण्याजोगे आहे. जुलै २०२० मध्ये गूगलने ३३,७३७ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समधील ७.७ टक्के हिस्सा घेतला. जानेवारी २०२२ मध्ये भारती एअरटेलशी तिचा गुंतवणुकीचा करार झाला. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची महागडी सेवा वर्षभर फुकट देऊ केली. ऑक्टोबरात जिओने गूगलची 'जेमिनी' सेवा अठरा महिन्यांसाठी वाटली. त्याच महिन्यात विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवून प्रचंड डेटा सेंटर उभारण्याची घोषणा गूगलने केली, आणि तीत भागीदार होते अदानी उद्योगसमूहाची कंपनी व एअरटेल. भारतीय ग्राहक, भारतीय भाषा आणि भारतीय वीज यांची ही ठोक विक्री आहे. दोन परदेशी कंपन्यांतील कोणाला माल द्यायचा एवढीच या दलालांची घासाघीस!

सरकारची तऱ्हा वेगळी नाही. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. आकडा मोठा दिसतो. पण २०२४ च्या नफ्याच्या हिशेबाने ती अल्फाबेटची एका दिवसाचीही कमाई नव्हे. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु आयोगाचे चार आदेश रद्द केले. बड्या डिजिटल कंपन्यांना आधीच वेसण घालणाऱ्या कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२५ उलटले तरी त्याचा कायदा झाला नव्हता. ऑनलाइन जाहिरातींवरील सहा टक्के समकारी कर २०१६ पासून लागू होता. अमेरिकेच्या आयातशुल्काचे सावट पडले असताना १ एप्रिल २०२५ पासून तोही काढून टाकण्यात आला. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर कर असतो, गूगलच्या लिलावावर मात्र सवलत!

या देशात बुद्धीचा दुष्काळ आहे काय? मुळीच नाही. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी केंद्र सरकारच्या निधीतून 'संधान' नावाचे शोधयंत्र तयार केले होते. मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू अशा भाषांत पर्यटनविषयक माहिती ते शोधून देत असे. शब्दांची रूपे, विभक्ती, सामान्यरूप यांमुळे मराठीत शोध घेणे इंग्रजीहून कठीण असते. 'शाळा' शोधणाऱ्याला 'शाळेत' आणि 'शाळांना' ही रूपेही सापडावी लागतात, आणि हे काम आपले संशोधक करीत होते. पण पर्यटनाच्या कुंपणापलीकडे ते जनतेच्या नित्य वापराचे साधन कधी बनले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. जाहिरातदाराच्या दृष्टीने मात्र भाषेची किंमत ती बोलणाऱ्याच्या खिशावरून ठरते.

दोन भ्रम आणि एक मार्ग

एक भ्रम असा की नवा उद्योजक मक्तेदारी मोडील. त्याचा फोलपणा वर दिसलाच. दुसरा भ्रम असा की राष्ट्रीय मालक आला म्हणजे काम झाले. चीन, रशिया आणि दक्षिण कोरिया येथे बायडू, यांडेक्स आणि नेव्हर ही शोधयंत्रे उभी राहिली, यावरून गूगल अजिंक्य नाही हे सिद्ध होते. धोरण, भाषा आणि वेळ यांची सांगड घातली तर पर्याय निर्माण होतो. तथापि २०१६ मध्ये चीनमध्ये कर्करोगाने ग्रस्त एका विद्यार्थ्याने बायडूच्या जाहिरातरूपी निकालात अग्रभागी आलेल्या रुग्णालयात उपचार घेतले आणि तो दगावला. त्यानंतर झालेल्या सरकारी चौकशीअंती कंपनीला वैद्यकीय जाहिरातींची पद्धत बदलण्याचे आदेश द्यावे लागले. निकालातील जागा विकाऊ असेपर्यंत विक्रेत्याच्या पारपत्राचा रंग रुग्णाला वाचवीत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष निराशेचा नाही. वेबची सूची ही रस्ता, पाणीपुरवठा, ग्रंथालय यांसारखी सार्वजनिक सुविधा आहे. ती खाजगी गुपित राहता कामा नये. युरोपातील चौदा संस्थांनी सप्टेंबर २०२२ पासून ८५ लाख युरोंच्या निधीतून खुली वेबसूची उभारण्याचे काम हाती घेतले. गूगलच्या खजिन्यापुढे ही रक्कम क्षुल्लक आहे. तिचे महत्त्व दिशेत आहे. भारतात विद्यापीठे, सार्वजनिक ग्रंथालये आणि भाषासंस्था यांच्या हाती अशी सूची द्यावी, मराठी विश्वकोशासारखे सार्वजनिक पैशाने निर्माण झालेले ज्ञान तीत अग्रस्थानी यावे, आरोग्य आणि शेती यांविषयीच्या निकालांत जाहिरातीला बंदी असावी, ही अवास्तव मागणी नव्हे. मोबाईलवर आयते शोधयंत्र बसवण्यासाठी पैसे देण्याघेण्यावर सरसकट बंदी हवी. मक्तेदाराने जमवलेली सूची वाजवी अटींवर सर्वांना खुली झाली पाहिजे. ऑनलाइन जाहिरातींवरील कर पुन्हा लागू करून त्यातून हा खर्च भागवता येईल. आणि सार्वजनिक सूची म्हणजे सरकारी प्रचाराचे यंत्र नव्हे. क्रम लावण्याचे नियम उघड असले पाहिजेत, त्यांवर संशोधकांची व जनतेची देखरेख असली पाहिजे. अन्यथा एका नाकेदाराच्या जागी दुसरा येईल, एवढेच.

हे आपोआप घडणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत अल्फाबेटच्या कामगारांनी युनियन स्थापन केली, ही या लढ्यातील खरी नवी गोष्ट आहे. बंगळूर, हैदराबाद आणि पुणे येथे संगणकापुढे बसणारा कंत्राटी कामगार, नावासाठी बोली लावणारा लहान दुकानदार, फुकट सारांशासाठी ज्यांचे लेखन वापरले जाते ते पत्रकार आणि मातृभाषेत उत्तर न मिळणारा शेतकरी यांचे हित एकमेकांत गुंतलेले आहे. त्यांनी आपली मागणी संघटितपणे मांडली तर मक्तेदारीला हादरा बसेल. नवे शोधयंत्र जुन्याला आव्हान देईल की नाही, हा प्रश्न भागधारकांनी आपसात खुशाल चघळावा. ज्यांच्या जिज्ञासेवर हा सारा धंदा चालतो त्या जनतेने आता यंत्राच्या मालकीचा प्रश्न विचारला पाहिजे.